देवदूताच्या बेटावर

सॅन फ्रान्सिस्कोला गेलेला आपला माणूस तांबड्या रंगाचा गोल्डन गेट पूल पाहतो, वाऱ्यात टोपी सांभाळत फोटो काढतो आणि जमल्यास आल्काट्राझ बेटावरचा जुना तुरुंग पाहून परततो. त्या तुरुंगाला भारी गर्दी. तिकिटे आधी काढून ठेवावी लागतात. अट्टल गुन्हेगारांच्या कोठड्या पाहायला जगभरातून माणसे येतात. पण त्याच खाडीत, थोडे पुढे, त्याहून मोठे आणि हिरवेगार असे एंजल आयलंड नावाचे बेट आहे. एंजल म्हणजे देवदूत. या देवदूताच्या बेटावरही माणसे महिनोन् महिने कोंडून ठेवली जात. त्यांनी चोरी केली नव्हती की खून केला नव्हता. ती पोट भरायला आशियातून आली होती, एवढाच त्यांचा गुन्हा.

आमची भाची आणि जावई सॅन फ्रान्सिस्कोपासून तासाभराच्या अंतरावर नोकरीनिमित्त राहतात. थोरल्या बहिणीची ही मुलगी चाळीत वाढलेली, पालिकेच्या शाळेत शिकलेली. तिच्या आग्रहामुळे आम्हा उभयतांना अमेरिका पाहण्याचा योग आला. व्हिसासाठी वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकन वकिलातीत उभे राहिलो, तेव्हा खिडकीपलीकडच्या बाईंना पटवायचे होते ते एकच, की हा कारकून परत येईल. तिकडच्या कायद्यात पाहुण्याने आपण पाहुणेच आहोत हे स्वतः सिद्ध करायचे असते. तोवर तो कायमचा राहायला निघाला आहे असेच गृहीत धरतात. आमची नोकरी आणि आईची जबाबदारी कामी आली. त्या खिडकीचा इतिहास एका बेटावर पाहायला मिळेल, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

"मामा, तुम्हाला मॉल दाखवून काय करू? तुम्हाला कागदपत्रांची जागा दाखवते," असे म्हणून भाचीने एका रविवारी आम्हांला बोटीत बसवले.

बोट बेटाच्या ज्या बाजूला लागते तेथून केंद्र दिसत नाही. धक्क्यावरून पायऱ्या चढून वर यायचे आणि मग बेटाला वळसा घालणाऱ्या रस्त्याने मैलभराहून जास्त चालायचे. दोन्ही बाजूंना निलगिरीची झाडे, खाली निळे पाणी. लोक सहलीला डबे घेऊन आलेले, पोरे सायकली फिरवत होती. सौभाग्यवतींना महाबळेश्वरची आठवण झाली. मग एका वळणावर खाली लहानशी खाडी आणि तिच्या काठावर दुमजली लाकडी इमारत दिसते. येथे २१ जानेवारी १९१० पासून १९४० पर्यंत इमिग्रेशन स्टेशन, म्हणजे परदेशातून येणाऱ्यांची तपासणी करणारे केंद्र होते. मुख्य कचेरी १९४० च्या ऑगस्टमध्ये आगीत जळाली आणि केंद्र शहरात हलवले गेले. आता कचेरीच्या जागी मोकळी जमीन आहे. माणसे कोंडण्याची बराक मात्र शिल्लक राहिली.

जहाज बंदरात आले की अधिकारी आधी बोटीवर चढत. पहिल्या वर्गाच्या उतारूंची, गोऱ्या युरोपियनांची तपासणी बहुधा तेथेच उरकून त्यांना शहरात सोडत. चिनी, जपानी, हिंदी आणि इतर गरीब उतारूंना छोट्या बोटीने या बेटावर आणत. नवरा एका बाजूला, बायको दुसऱ्या बाजूला. निकाल लागेपर्यंत भेट नाही. बराकीत लोखंडी खांबांना अडकवलेल्या, एकावर एक तीन अशा खाटा आजही मांडून ठेवल्या आहेत. दोन खाटांमधून आडवे होऊन जावे लागते. मुंबईत दहा बाय दहात दिवस काढलेल्या आमच्यासारख्याला त्या दाटीचे नवल वाटले नाही. नवल वाटले ते खिडकीचे. खिडकीतून समोर पाणी, पाण्यापलीकडे किनारा, आणि मध्ये काटेरी तारांचे कुंपण.

चिनी माणसांचे हाल सर्वांत जास्त. १८८२ साली अमेरिकेने खास कायदा करून चिनी मजुरांना बंदी घातली होती. व्यापारी, अमेरिकन नागरिकांची मुले अशा काही मोजक्यांनाच मोकळीक. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोचे जन्मनोंदीचे दप्तर जळाले, तेव्हा पुष्कळांनी आपला जन्म येथलाच असे सांगितले आणि कागदोपत्री मुलगे आणवले. मग अधिकारी उलटतपासणी घेत. गावात घरे किती? तुमच्या घराला पायऱ्या किती? तांदळाचा रांजण कोठे ठेवता? शेजाऱ्याची बायको कोणत्या गावची? बापाचे उत्तर आणि मुलाचे उत्तर जुळले नाही की परतीचे जहाज. (जात पडताळणीसाठी पणजोबांच्या शाळेचा दाखला शोधत फिरलेल्या आपल्या वाचकांना यातली घालमेल वेगळी समजावून सांगायला नको.) काहींचा मुक्काम दोन आठवड्यांत संपे, काहींचा जवळजवळ दोन वर्षे चाले. या लोकांनी बराकीच्या लाकडी भिंतींवर कविता कोरल्या. अधिकाऱ्यांनी वर पुट्टी भरली, रंग मारला. तरी खालची अक्षरे मेली नाहीत. १९७० साली ही इमारत पाडायच्या बेतात असताना अलेक्झांडर वाइस नावाच्या उद्यानरक्षकाला विजेरीच्या उजेडात ती दिसली आणि चिनी समाजाने धडपड करून इमारत वाचवली. दोनशेहून अधिक कविता सापडल्या. आम्हांला चिनी येत नाही, तरी भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिलो.

आता आपल्या लोकांविषयी. १९१० ते १९४० या काळात या बेटावरून सुमारे आठ हजार हिंदी माणसांनी अमेरिकेत प्रवेश मागितला. बहुतेक पंजाबचे शेतकरी, पुष्कळ जण इंग्रजांच्या फौजेत नोकरी केलेले. बेटावर आलेल्या सर्व देशांच्या लोकांत परत पाठवले जाण्याचे प्रमाण हिंदी लोकांचे सर्वांत जास्त होते. आणि यातली मेख अशी, की १९१७ पर्यंत हिंदी माणसाला बंदी करणारा कायदाच नव्हता! मग परत कसे पाठवत?

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, अर्धे आयुष्य कारकुनीत गेलेले. फाईल कशी अडवतात हे आम्हांला कोणी शिकवायला नको. नियमात 'नाही' लिहिलेले नसले तरी शेरा मारता येतो. तेथे शेरा ठरलेला होता : 'हा मनुष्य सरकारवर भार होण्याचा संभव आहे.' धडधाकट, शेती जाणणारा, खिशात पैसे असलेला मनुष्य भार कसा होईल? तर म्हणे, येथल्या गोऱ्या लोकांना हिंदी माणसे आवडत नाहीत, म्हणून याला कोणी काम देणार नाही, म्हणून हा उपाशी राहील, म्हणून हा भार होईल. म्हणजे द्वेष करणार त्यांनी, आणि त्या द्वेषाची नोंद आमच्या खात्यावर नावे! दुसरा उपाय डॉक्टरी. अंकुशकृमी म्हणजे हुकवर्म हा औषधाने बरा होणारा पोटातला जंत, पण तो सापडला की प्रवेश बंद. पुढे ५ फेब्रुवारी १९१७ च्या कायद्याने हा आडमार्गही अनावश्यक केला. नकाशावर अक्षांश-रेखांशांच्या रेघा मारून आशियाचा मोठा तुकडा 'बंदी क्षेत्र' ठरवला. त्यात हिंदुस्थान आला. विद्यार्थी, व्यापारी, प्रवासी वगैरेंना सूट, मजुराला दार बंद.

या बेटावरून सप्टेंबर १९१५ मध्ये एक कुटुंब आत गेले. पेशावरचे वैष्णो दास बगाई, पत्नी कला आणि तीन लहान मुलगे. इंग्रजांच्या गुलामीत मुले वाढवायची नाहीत, या जिद्दीने बगाईंनी घरदार विकले होते. गदर चळवळीशी त्यांचे नाते होते. अधिकाऱ्यांनी चौघा-पाचांचे कुटुंब पाहून अडवले, तेव्हा त्यांनी बरोबर आणलेले पंचवीस हजार डॉलर दाखवले. त्या काळी ही रक्कम म्हणजे डोंगर! काही दिवसांनी सुटका झाली. कलाबाईंच्या नाकातल्या दागिन्याचे कौतुक वर्तमानपत्राने छापले. हिंदी बाई इतकी दुर्मिळ होती. बगाईंनी सॅन फ्रान्सिस्कोत दुकान थाटले, सूटबूट घातला, इंग्रजी बोलू लागले आणि १९२१ साली अमेरिकन नागरिक झाले. मध्यंतरी जवळच्या बर्कली गावात त्यांनी घर घेतले. सामान घेऊन दारात पोचले तर शेजाऱ्यांनी घराला कुलपे ठोकून ठेवलेली. आत जाऊ देईनात. कलाबाईंनी सांगितले, असल्या शेजारात मुलांना वाढवायचे नाही. कुटुंब मागे फिरले. पैसा होता, कागद होते, कपडे साहेबाचे होते. वस्तीने मात्र ठरवले होते. वाचकहो, भाड्याची खोली पाहायला गेल्यावर आडनाव सांगताच 'खोली दिली गेली' असे ऐकलेल्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल.

बगाईंचे पुढे काय झाले हे कळण्यासाठी दुसऱ्या एका माणसाची हकीकत सांगायला हवी. तो या बेटावर उतरला नव्हता. तो उत्तरेकडे सिअ‍ॅटल बंदरात ४ जुलै १९१३ रोजी उतरला. नाव भगतसिंग थिंद, अमृतसरकडचा शीख तरुण. (याच जुलै महिन्यात, त्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्कला बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर आणखी एक तरुण उतरला होता. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर.) थिंदने लाकडाच्या गिरण्यांत काम केले. १९१८ साली तो अमेरिकन सैन्यात भरती झाला आणि पगडीसह नोकरी केली. त्या डिसेंबरात त्याला नागरिकत्व मिळाले आणि चारच दिवसांत काढून घेतले. कारण तो गोरा नाही! १९२० साली ऑरेगॉनच्या न्यायालयाने पुन्हा दिले. सरकार अपिलात गेले.

कायदा १७९० चा. नागरिक होता येईल तो 'स्वतंत्र गोरा मनुष्य'. यादवी युद्धानंतर १८७० साली आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही तो हक्क मिळाला. म्हणजे दारे दोन, एक गोऱ्यांचे आणि एक काळ्यांचे. आशियातून आलेल्या प्रत्येकाने गोऱ्यांच्याच दारावर धडक दिली. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा १९१० साली त्यातून आत गेले होते. थिंदचे वकील सखाराम गणेश पंडित हे स्वतः ब्राह्मण आणि स्वतः अमेरिकन नागरिक झालेले. त्यांच्या बाजूने मांडणी झाली ती अशी : पंजाबचा हा मनुष्य आर्य आहे, उच्चवर्णीय आहे, जातीच्या नियमांनी त्याचे रक्त शुद्ध राहिले आहे, आणि अमेरिकन गोरा जसा काळ्याशी लग्न करायला तयार नसतो तसाच हिंदुस्थानातला उच्चवर्णीय तिथल्या मूळ रहिवाशांशी लग्न करायला तयार नसतो, तेव्हा त्याला गोऱ्यांतच धरावे. शीख माणसाच्या नावाने हा दावा केला गेला! सर्वोच्च न्यायालयापुढचा प्रश्नच असा लिहिला होता, की अमृतसरला जन्मलेला, पूर्ण हिंदी रक्ताचा उच्चवर्णीय हिंदू हा गोरा मनुष्य आहे काय?

हे आम्ही बराकीत बाकावर बसून भाचीकडून ऐकले, तेव्हा क्षणभर हसावे की चिडावे कळेना. थिंदबद्दल आमच्या मनात कडवटपणा नाही. सैन्यात नोकरी केलेल्या माणसाला दाराबाहेर उभे केले होते आणि कायद्याने दाखवलेल्या फटीतूनच त्याला शिरायचे होते. वकिलाने हाताशी येईल ते हत्यार उचलले. पण हत्यार कोणते उचलले ते पाहा. वर्णभेदाशी लढायला निघाले आणि जातिभेदाचा दाखला जोडून अर्ज केला. आम्हांला वर घ्या, कारण आम्हीही कोणाला तरी खाली ठेवतो! जे दार मागितले ते फक्त आपल्यापुरते.

आणि तेही मिळाले नाही. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायालयाने एकमताने थिंदच्या विरुद्ध निकाल दिला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड स्वतः इंग्लंडात जन्मलेले, म्हणजे तेही बाहेरूनच आलेले. तीनच महिन्यांपूर्वी याच न्यायालयाने ओझावा नावाच्या जपानी गृहस्थाला सांगितले होते, की कातडी गोरी असली तरी तुम्ही शास्त्राप्रमाणे कॉकेशियन वंशाचे नाही, सबब गोरे नाही. आता थिंदला सांगितले, शास्त्र तुम्हांला कॉकेशियन म्हणत असेल, पण रस्त्यावरचा सामान्य माणूस तुम्हांला गोरा म्हणत नाही, सबब तुम्हीही नाही. रक्तशुद्धीच्या दाव्यावर न्यायालयाने शेरा मारला तो तर वाचण्यासारखा आहे. जातीचे नियम मिश्रण रोखण्यासाठी असले तरी त्यांना ते पुरते साधलेले दिसत नाही, अशा अर्थाचा!

निकालानंतर सरकारने जुन्या हिंदी नागरिकांची नागरिकत्वे रद्द करण्याचा सपाटा लावला. वकील पंडितांवरही पाळी आली. ते स्वतःसाठी चिकाटीने लढले, १९२६ साली अपिलात जिंकले आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायचे नाकारले. तेव्हा कुठे बाकीच्यांमागचा ससेमिरा थांबला. बगाईंना मात्र उशीर झाला होता. त्यांचे नागरिकत्व गेले. नागरिक होऊ न शकणाऱ्याला कॅलिफोर्नियात जमीनजुमला ठेवता येत नसे, म्हणून घर आणि दुकान गेले. हिंदुस्थानात नातेवाइकांना भेटायला जायचे म्हटले तर अमेरिकन पासपोर्ट नाकारला. ब्रिटिश पासपोर्ट घ्या म्हणाले. ज्या गुलामीतून पळालो तिचा शिक्का पुन्हा कपाळावर मारून घ्यायला बगाई तयार नव्हते. १९२८ साली सॅन होजे गावी त्यांनी भाड्याची खोली घेतली आणि गॅस सोडून जीव दिला. वय अवघे सदतीस. एक पत्र त्यांनी वर्तमानपत्रासाठी लिहून ठेवले होते. हा देश माझा म्हणून आलो, मुलांना येथेच वाढवले, आता मी कोण आहे आणि माझे घर कोठे आहे, असा त्याचा आशय.

आमच्या घरची मंडळी हे ऐकून गप्प झाली. मग तिने विचारले, "आणि त्या बाईचं काय झालं गं?" आम्ही केव्हाचे खटले ऐकत होतो, हा प्रश्न आम्हांला सुचला नव्हता. कलाबाई तीन मुलांसह मागे राहिल्या. संसार सावरला, मुलांना कॉलेजात शिकवले, पुढे कुटुंबाचे स्नेही महेश चंद्र यांच्याशी पुनर्विवाह केला. १९५० साली त्या अमेरिकेच्या नागरिक झाल्या. दक्षिण कॅलिफोर्नियात नव्याने येणाऱ्या हिंदी कुटुंबांच्या त्या आधार बनल्या आणि १९८३ साली वारल्या. २०२० साली बर्कलीच्या नगर परिषदेने गावातल्या मध्यवर्ती रस्त्याच्या एका भागाला 'कला बगाई वे' असे नाव दिले. ज्यांनी कुलपे लावली त्यांचेच गाव. दुसऱ्या आठवड्यात आम्ही ती पाटी पाहून आलो. रेल्वे स्थानकाला लागूनच आहे, चुकत नाही.

थिंद यांना १९३६ साली माजी सैनिकांसाठी झालेल्या नव्या कायद्याखाली तिसऱ्यांदा नागरिकत्व मिळाले, ते टिकले. २ जुलै १९४६ च्या कायद्याने हिंदी माणसाला नागरिक होण्याचा हक्क मिळाला, पण वर्षाला येणार किती? शंभर! योगायोग असा, की त्याच जुलैमध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतील काळ्यांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. तेथील निग्रो आणि येथील अस्पृश्य यांच्या स्थितीत साम्य आहे, असे सांगून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. ड्यू बॉइस यांनी महिनाअखेर आपुलकीचे उत्तर धाडले. ओळखीसाठी कोणाचे दार ठोठवायचे, याची ही दुसरी रीत.

खरे दार उघडले ते १९६५ मध्ये. मार्टिन ल्यूथर किंग आणि हजारो अनाम काळ्या स्त्री-पुरुषांनी लाठ्या, कुत्रे, तुरुंग सोसून १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा आणि १९६५ चा मतदान हक्काचा कायदा पदरात पाडून घेतला. त्याच लाटेत, ३ ऑक्टोबर १९६५ रोजी, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी देशोदेशींच्या वंशावर बेतलेली जुनी वाटणी रद्द करणाऱ्या कायद्यावर सही केली. आज कॅलिफोर्नियात मोटारी उडवणारी आपली डॉक्टर-इंजिनिअर मंडळी, त्यांत आमची भाचीही आली, ती या सहीवर आत गेलेली आहेत. त्यांतले कितीतरी जण काळ्या वस्तीचे नाव काढताच नाक मुरडतात, हे आम्ही तेथल्या पंगतीत कानांनी ऐकले. भाचीच्या कचेरीतही एका देशबांधवाने पहिल्याच आठवड्यात 'पूर्ण आडनाव काय, मूळ गाव कोणते' हा पडताळा घेऊन झाला. थिंदच्या निकालाला शंभर वर्षे आणि दोन दिवस झाले, त्या दिवशी, २१ फेब्रुवारी २०२३ रोजी, सिअ‍ॅटलच्या नगर परिषदेने जातिभेदाला कायद्याने बंदी केली. अमेरिकेत असे करणारे ते पहिले शहर. थिंद जेथे उतरला होता तेच बंदर. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही त्याच वर्षी तसे विधेयक मंजूर केले, पण राज्यपाल न्यूसम यांनी ऑक्टोबरात सही नाकारली. भाची त्या विधेयकासाठी सह्या गोळा करत फिरली होती.

तिचे स्वतःचे कायम वास्तव्याचे कागद अजून रांगेत आहेत. एका देशात जन्मलेल्यांना दर वर्षी एकूण परवान्यांपैकी सात टक्क्यांहून जास्त द्यायचे नाहीत असा नियम आहे. चिमुकल्या देशाला सात आणि भारतालाही सातच. "रंग कायद्यातून गेला मामा, जन्मगाव राहिलं," ती म्हणाली. आमच्या मते ही गोष्ट बगाईंच्या छळाबरोबर एका तराजूत घालू नये. तसे तिला सांगितलेही. पण नोकरी सुटली तर साठ दिवसांत दुसरी शोधा नाहीतर सामान बांधा, ही टांगती तलवार डोक्यावर घेऊन ती मुलीला शाळेत सोडते, हेही आम्ही रोज पाहत होतो.

कोणाचे नातलग तिकडे असतील आणि जाणे झाले तर या बेटासाठी एक दिवस राखून ठेवावा. बोटी सॅन फ्रान्सिस्कोच्या फेरी बिल्डिंगपासून आणि पलीकडच्या टिबुरॉन गावातून सुटतात. हिवाळ्यात फेऱ्या कमी, म्हणून वेळ आधी विचारून घ्यावी आणि शेवटची बोट चुकवू नये. चालण्याचे बूट, पाणी आणि घरची पोळीभाजी बरोबर असावी. बराकीचे तिकीट वेगळे काढावे लागते. शेजारच्या जुन्या रुग्णालयाच्या इमारतीतही २०२२ पासून संग्रहालय आहे, तेथे हुकवर्मवाल्यांना ठेवत. भिंतीवरच्या अक्षरांना हात लावू देत नाहीत; पण उन्हे कलल्यावर, तिरप्या उजेडात, ती फार स्पष्ट दिसतात.